जुन्या आरमारी बायबलचा मूळ मालक कसा शोधायचा

चोरबाजारात, रद्दीच्या दुकानात किंवा एखाद्या जुन्या घराच्या पेटीत काळ्या पुठ्ठ्याचं छोटं इंग्रजी बायबल सापडतं. पहिल्या कोऱ्या पानावर फिकट शाईत एक नाव असतं, पुढे 'एच.एम.एस.' (म्हणजे राजाचं किंवा राणीचं जहाज, ब्रिटिश आरमारातलं) आणि जहाजाचं नाव, खाली तारीख. ब्रिटिश आरमारात अशी बायबलं फार मोठ्या संख्येनं वाटली गेली, त्यामुळे बाजारात बहुतेकांना किंमत नसते. पण ज्या घरातून तो खलाशी गेला, त्या घराला त्या पानाचं मोल वेगळं असतं. म्हणून शोध घ्यायचाच, आणि नीट घ्यायचा.

नवखे लोक पानावरचं नाव घेऊन थेट इंटरनेटवर शोधायला बसतात आणि तिथेच वाट चुकते. ब्रिटिश आरमाराच्या नोंदींत एकाच नावाची शेकडो माणसं आहेत. पहिलं जुळतं नाव दिसलं की मन तिथेच अडकतं, आणि पुढचा प्रत्येक पुरावा आपण त्याच माणसाला चिकटवत जातो. क्रम उलटा ठेवा: आधी पुस्तकाचं वय, मग जहाज आणि तारीख, मग सेवा क्रमांक, आणि नाव सगळ्यांत शेवटी.

पुस्तक हाताळताना

हात धुऊन, पूर्ण कोरडे करून पुस्तक धरा. हातमोजे नकोत. मोज्यातल्या बोटांना पानाची जाडी कळत नाही आणि पातळ कागदाचे कोपरे फाटतात. पुस्तक सपाट उघडू नका. दोन्ही पुठ्ठ्यांखाली घडी घातलेले टॉवेल ठेवा आणि ९० ते १२० अंशांच्या पुढे जाऊ नका, नाहीतर कण्याचा चामडी सांधा तुटतो. बोटांना तांबूस भुकटी लागत असेल तर चामडं कुजलंय. त्याला तेल किंवा पॉलिश लावू नका, पुस्तक मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा.

पाणी अजिबात लावायचं नाही, ओला बोळासुद्धा नाही. १८७० नंतरच्या काळात खलाशी बऱ्याचदा 'कॉपिंग पेन्सिल' वापरत. ती साध्या शिसपेन्सिलीसारखी राखाडी दिसते, पण तिच्या शिशात रंग मिसळलेला असतो. ओल लागली की अक्षर जांभळं होऊन पसरतं आणि मग कायमचं गेलं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात पुस्तक कपाटाच्या भिंतीकडच्या बाजूला ठेवू नका. कसर आणि बुरशी दोन्ही तिथूनच सुरू होतात.

फोटो कसे काढायचे

आधी सगळ्या पानांचे साधे फोटो काढा: पुठ्ठ्याच्या बाहेरचे, आतले, पुढची-मागची कोरी पानं, शीर्षकपान, आणि समासात पेन्सिलीची खूण असलेलं प्रत्येक पान. पुस्तकात सापडलेलं वाळलेलं फूल, चिठ्ठी, फीत काढण्याआधी ती कोणत्या पानात होती त्याचाही फोटो घ्या. शेजारी मोजपट्टी ठेवली की आकाराचा वाद नंतर उरत नाही.

मग खोलीत अंधार करून टॉर्च पानाच्या कडेला जवळजवळ आडवा धरा. पुसून टाकलेल्या पेन्सिलीच्या दाबाचे खळगे सावलीने उठून दिसतात. टॉर्च चारही बाजूंनी फिरवून चार फोटो घ्या, कारण एका बाजूने न दिसणारी रेघ दुसऱ्या बाजूने दिसते.

शाई फिकट तपकिरी झाली असेल तर ती बहुधा लोह आणि मायफळाची जुनी शाई आहे. अशा वेळी नोटा तपासायचा अतिनील टॉर्च उपयोगी पडतो. त्या प्रकाशात कागद उजळतो आणि शाई काळी उठते. ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च चांगला; ३९५ चा स्वस्त असतो, पण त्याचा जांभळा उजेड फोटोत पसरतो. काही सेकंदांत फोटो घेऊन टॉर्च बंद करा. शाई 'परत आणणारी' रसायनं एकोणिसाव्या शतकात वापरली जात. त्यांनी कित्येक पानं काळी पडून वाचण्यापलीकडे गेली, तेव्हा तो मोह टाळा.

पुस्तकाचं वय

हस्तलिखित तारीख छपाईच्या आधीची असू शकत नाही, म्हणून आधी छपाईचं साल शोधायचं. शीर्षकपान फाटलं असेल तरी घाबरू नका. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाच्या, सुरुवातीला बहुतेकदा दुसरं शीर्षकपान असतं, त्यावर छापखाना आणि साल मिळतं. साल रोमन आकड्यांत असेल तर ते अक्षर-अक्षर उतरवून घ्या, अंदाजाने वाचू नका.

एक चूक फार होते. बायबलच्या सुरुवातीला, ज्याच्या काळात हे इंग्रजी भाषांतर झालं त्या राजा जेम्सला उद्देशून लिहिलेली अर्पणपत्रिका असते. ती वाचून पुस्तक १६११ चं आहे असं लोक समजतात. ती अर्पणपत्रिका पुढच्या शतकांतही छापली गेलीच. छापखान्याच्या ओळीत मात्र खरा धागा असतो. मुद्रक स्वतःला 'राणीचे मुद्रक' म्हणवत असतील तर एकोणिसाव्या शतकातलं पुस्तक व्हिक्टोरियाच्या काळातलं, म्हणजे १८३७ ते १९०१ मधलं. शीर्षकपानाच्या तळाशी 'नॉनपरेल', 'मिनियन', 'रुबी', 'पर्ल' असे शब्द दिसले तर ती माणसांची नावं नाहीत, ती खिळ्यांच्या आकाराची नावं. 'रिव्हाइज्ड व्हर्जन', म्हणजे सुधारित भाषांतर, असेल तर नवा करार १८८१ च्या आणि पूर्ण बायबल १८८५ च्या आधीचं असूच शकत नाही.

पुठ्ठ्यावरचे आणि आतले शिक्के पुस्तक कोणी वाटलं ते सांगतात. खलाशी आणि सैनिकांना बायबलं देणारी संस्था लंडनमध्ये १७७९ मध्ये सुरू झाली. तिची बायबलं मिळालेलं पहिलं जहाज 'रॉयल जॉर्ज'. ते १७८२ च्या ऑगस्टमध्ये पोर्ट्समथजवळ स्पिटहेडला नांगरलेल्या जागीच बुडालं आणि ८०० हून अधिक माणसं गेली. १८०४ मध्ये ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी निघाली, तेव्हापासून जुनी संस्था 'नेव्हल अँड मिलिटरी बायबल सोसायटी' म्हणून ओळखली जाऊ लागली. म्हणजे हे नाव छापलेलं पुस्तक १८०४ च्या आधीचं नाही.

महायुद्धांतले खिशातले 'नवे करार' ओळखणं सगळ्यांत सोपं. आत ब्रिटिश सेनानी लॉर्ड रॉबर्ट्स यांचा २५ ऑगस्ट १९१४ चा संदेश असेल तर पहिलं महायुद्ध. राजा सहाव्या जॉर्जचा १५ सप्टेंबर १९३९ चा संदेश असेल तर दुसरं. पहिल्या महायुद्धातल्या काही प्रतींच्या शेवटी निश्चयाचा छापील नमुना असतो, त्याखाली सही आणि पत्त्याला जागा. नवखे लोक शेवटचं पान बघतच नाहीत, आणि कधीकधी घरचा पत्ता नेमका तिथेच लिहिलेला असतो.

मजकूर उतरवणं

जसं लिहिलंय तसं उतरवा, सुधारू नका. न कळलेल्या अक्षराच्या जागी टिंब ठेवा. जुन्या इंग्रजी हस्ताक्षरात मोठे जे आणि आय, एल आणि एस, टी आणि एफ सहज गोंधळतात. त्याच हातानं दुसरीकडे लिहिलेल्या ओळखीच्या शब्दातलं अक्षर शोधा आणि शेजारी ठेवून ताडा. नावांची लघुरूपं ठरलेली आहेत: डब्ल्यूएम म्हणजे विल्यम, टीएचओएस म्हणजे थॉमस, जेएएस म्हणजे जेम्स. जेएनओ म्हणजे जॉन. त्याला जोनाथन समजून शोधणाऱ्याला आयुष्यभर माणूस सापडणार नाही. तारीख ब्रिटिश असेल तर आधी दिवस, मग महिना. अमेरिकन असेल तर उलट.

देणारा कोण आणि घेणारा कोण हे वेगळं करा. 'आईकडून', 'रविवारच्या शाळेकडून', 'बाईसाहेबांकडून' अशा ओळींत बऱ्याचदा देणाऱ्याचं नाव ठसठशीत असतं आणि खलाशाचं बारीक. एका पुस्तकात दोन-तीन मालकही असतात. प्रत्येक हस्ताक्षराला वेगळा क्रमांक द्या आणि प्रत्येकाचा शोध स्वतंत्र ठेवा.

समासातल्या नोंदींकडे दुर्लक्ष करू नका. एखाद्या स्तोत्राजवळ तारीख आणि अक्षांश-रेखांश लिहिलेले असतील तर तो सोन्यासारखा पुरावा. आरमारी जहाजांच्या रोजनिशा लंडनमध्ये क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात एडीएम ५३ या मालिकेत आहेत (एडीएम म्हणजे अॅडमिरल्टी, ब्रिटिश आरमाराचं खातं). समुद्रावर असताना त्यांत दुपारची जागा नोंदलेली असते. ती समासातल्या आकड्याशी जुळली तर तेव्हा हे पुस्तक त्याच जहाजावर होतं हे जवळजवळ पक्कं.

जहाजाचं नाव फसवतं

ब्रिटिश आरमारात एकच नाव पुन्हापुन्हा दिलं जातं, म्हणून तारखेशिवाय जहाजाचं नाव अर्धवट. 'गँजेस' घ्या. हे ८४ तोफांचं सागवानी जहाज जहाजबांधणी करणाऱ्या वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत बांधलं गेलं आणि १८२१ च्या नोव्हेंबरमध्ये पाण्यात उतरलं. १८६० च्या दशकात ते इंग्लंडमध्ये फाल्मथजवळ पोरांना खलाशी बनवणारं शिक्षण-जहाज झालं, १८९९ मध्ये हारिचला नेलं गेलं, आणि १९०५ पासून शाळा हारिचजवळच्या शॉटलीत जमिनीवर आली. ती १९७६ पर्यंत चालली. आता पानावर 'एच.एम.एस. गँजेस, १८८४' असेल तर मालक बहुधा फाल्मथजवळ शिकणारा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा. '१९१२' असेल तर शॉटलीच्या बराकीतला, त्या सागवानी जहाजावर पाऊलही न ठेवलेला. दोन्ही बाबतींत एक मोठा फायदा: जन्मसाल हाताशी येतं, तारखेतून १५ किंवा १६ वजा केले की झालं.

त्याहून मोठा सापळा म्हणजे किनाऱ्यावरचे तळ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'एच.एम.एस. व्हिक्टरी' म्हणजे बहुधा पोर्ट्समथची बराक, 'पेम्ब्रोक' म्हणजे चॅथमची, 'व्हिव्हिड' म्हणजे डेव्हनपोर्टची. 'व्हिक्टरी' हे नाव वाचून कोणी नेल्सनच्या जहाजाचं बायबल म्हणून विकत असेल तर आधी तारीख बघा. नावापुढचा रोमन आकडा वेगवेगळ्या पगारवह्यांचा असतो, ते दुसरं जहाज नव्हे. लहान बोटींवरच्या माणसांची नोंद मुख्य जहाजाच्या किंवा तळाच्या नावावर असते आणि बोटीचं नाव कंसात येतं, कधीकधी येतच नाही. त्यामुळे पानावरचं जहाज सेवानोंदीत दिसलं नाही म्हणून माणूस लगेच बाद करू नका.

सेवा क्रमांक

पानावर क्रमांक असेल तर निम्मं काम झालं. १९०८ पासून नव्या भरतीच्या क्रमांकाआधी शाखेचं इंग्रजी अक्षर येतं. जे म्हणजे डेकवरचे खलाशी आणि संदेशवाले, के म्हणजे भट्टीवाले, एल म्हणजे अधिकाऱ्यांचे स्वयंपाकी आणि वाढपी, एम म्हणजे कारागीर, आजारखोलीतले आणि इतर. १९२५ च्या ऑक्टोबरनंतर भरती झालेल्यांना त्यापुढे एक्स लागतो: जेएक्स, केएक्स. सुरुवातीला पी, सी किंवा डी आणि तिरकी रेघ असेल तर ते बंदर: पोर्ट्समथ, चॅथम, डेव्हनपोर्ट. पीओ, सीएच, पीएलवाय दिसलं तर माणूस आरमारी सैनिक, म्हणजे रॉयल मरीन, आणि त्याच्या नोंदी वेगळ्या मालिकेत.

पीओ ही अक्षरं दोन अर्थांची आहेत. क्रमांकाच्या आधी असतील तर पोर्ट्समथ विभाग, नावाच्या पुढे किंवा मागे असतील तर 'पेटी ऑफिसर' (खलाशांतला कनिष्ठ अधिकारी) हा हुद्दा. यावरून पुष्कळ शोध भलतीकडे गेले आहेत.

आता नाव शोधा

क्यूच्या अभिलेखागाराची सूची घरबसल्या शोधता येते. कोणत्या काळाला कोणती मालिका, हे एकदा वहीत लिहून ठेवा. १८५३ पूर्वी सामान्य खलाशाची स्वतंत्र सेवानोंद नसायची, जहाजाचा हजेरीपट हाच आधार, एडीएम ३६ ते ३९. त्यासाठी जहाज आणि साल माहीत असायलाच हवं. १७६४ पासून हजेरीपटात वय आणि जन्मगावाचा रकाना आला. १८५३ ते १८७२ एडीएम १३९. १८७३ ते १९२३ पर्यंत भरती झालेले एडीएम १८८, आणि नवख्याचं बहुतेक काम इथेच होतं. अधिकारी एडीएम १९६ मध्ये. शिवाय १८१४ पासून निघणारी आरमारी अधिकाऱ्यांची छापील यादी, 'नेव्ही लिस्ट', आहे. पहिल्या महायुद्धातले हंगामी स्वयंसेवक एडीएम ३३७ मध्ये, रॉयल मरीन शिपाई एडीएम १५९ मध्ये.

एडीएम १८८ च्या सूचीत नाव, क्रमांक, जन्मतारीख, जन्मगाव शुल्क न भरता दिसतं. समजा एका नावाचे चौदा जण निघाले. पानावरची तारीख १८९६ आहे, तर त्या वर्षी १५ पेक्षा लहान असणारे आणि चाळिशी केव्हाच ओलांडलेले बाजूला काढा. पाच उरतील. मजकुरात गाव असेल तर दोन. आता त्या दोघांचीच सेवापत्रं उतरवून घ्या आणि जहाजांच्या रकान्यात पानावरच्या तारखेला कोण त्या जहाजावर होता ते बघा. दोघेही नसतील तर आडनावाची वेगळी स्पेलिंग टाकून पुन्हा सुरुवात करा. भरतीचा कारकून कानावर पडेल तसं लिहायचा.

सेवापत्रातल्या दोन खुणा ओळखायला शिका. 'आर' किंवा 'रन' म्हणजे पळून गेला. 'डीडी' म्हणजे सेवेत असतानाच मेला. डीडी असेल आणि काळ महायुद्धाचा असेल तर राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या यादीत नाव बघा. समुद्रात गेलेल्यांना कबर नसते. त्यांची नावं पोर्ट्समथ, प्लिमथ आणि चॅथमच्या स्मारकांवर आहेत, आणि यादीत बऱ्याचदा आईवडिलांचं नाव आणि गावही मिळतं. जन्मतारखेवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. भरती व्हायला पोरं वय वाढवून सांगत, म्हणून ती इंग्लंड-वेल्सच्या १ जुलै १८३७ पासूनच्या जन्मनोंदीशी ताडा. स्कॉटलंडच्या नोंदी १८५५ पासून आहेत. १८६१ च्या जनगणनेपासून परदेशी पाण्यातल्या आरमारी जहाजांवरच्या माणसांचीही नावं मिळतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या माणसाची गोष्ट वेगळी. ती सेवापत्रं ब्रिटनच्या संरक्षण खात्याकडून अभिलेखागाराकडे सोपवली जात आहेत आणि ती मिळवायला अर्ज लागतो. 'यू.एस.एस.' (अमेरिकी नौदलाचं जहाज) लिहिलेलं असेल तर शोध अमेरिकेत, सेंट लुइसला. तिथल्या सेवापत्रिका माणूस सेवेतून निघाल्यावर ६२ वर्षांनी सर्वांना खुल्या होतात. १९७३ च्या आगीत तिथल्या भूदल आणि हवाईदलाच्या पुष्कळ पत्रिका जळाल्या, नौदलाच्या नाहीत.

मुंबईचा धागा

पुस्तक मुंबईत सापडलं म्हणून मालक मुंबईचा, असं नाही. इथे बंदराला लागलेल्या कुठल्याही जहाजावरचं ते असू शकतं. पण बॉम्बे ऑक्झिलरी बायबल सोसायटीचा शिक्का असेल (ही संस्था १८१३ ची) किंवा कुलाबा, माझगाव, भायखळा असा पत्ता असेल, तर एडीएम मालिका सोडून लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या, म्हणजे ब्रिटनच्या भारतविषयक खात्याच्या, दप्तराकडे वळा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई आरमाराचे कागद तिथे एल/एमएआर या विभागात आहेत आणि मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं एन/३ मध्ये. ही कंपनीची माणसं ब्रिटिश आरमारातली नव्हेत. 'इंडियन नेव्ही' असं १८५० च्या आसपास लिहिलेलं दिसलं तर ते हेच आरमार, १८६३ मध्ये बंद झालेलं. 'एच.एम.आय.एस.' असेल तर १९३४ नंतरची रॉयल इंडियन नेव्ही. गोव्याचे वाढपी आणि स्वयंपाकी ब्रिटिश जहाजांवर मोठ्या संख्येनं होते, त्यामुळे पोर्तुगीज वळणाचं आडनाव दिसलं तर एल अक्षराचे क्रमांक आधी पाहा, आणि गावच्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्याही.

बनावट ओळखायची कशी

प्रसिद्ध लढाई, प्रसिद्ध जहाज आणि तारीख तिन्ही एका ओळीत असतील तर सावध व्हा. भिंगाखाली शाई बघा. जुन्या, खळ (कागदाला घट्टपणा देणारा लेप) उडालेल्या कागदावर आज लिहिलं तर शाई टिपकागदासारखी तंतूंत पसरते. कसरीने पाडलेल्या भोकाच्या कडेवर शाई आत उतरली असेल तर भोक आधीचं आणि लिखाण नंतरचं. बॉलपेन १९४५ च्या सुमारास सर्वांच्या हाती आलं, त्यामुळे बॉलपेनमध्ये लिहिलेलं '१९१६' हे फार तर घरच्यांनी नंतर केलेलं टिपण. ते खोटंच असतं असं नाही, पण मालकाचं हस्ताक्षर म्हणून ते धरू नये.

निष्कर्ष लिहिताना तीनच शब्द वापरा: निश्चित, संभाव्य, अंदाज. नावाखेरीज एकमेकांवर न विसंबणारे दोन पुरावे जुळले, म्हणजे क्रमांक आणि जहाज-तारीख, किंवा जन्मगाव आणि हस्ताक्षर, तरच निश्चित. एक जुळला तर संभाव्य. नुसतं नाव जुळलं तर अंदाज, आणि अंदाजावर कुणाच्या घरी पत्र पाठवू नका. सेवापत्रावर भरतीची सही असेल तर ती बायबलमधल्या नावाशेजारी ठेवून पाहा. याहून भक्कम पुरावा क्वचितच मिळतो.

वंशजांपर्यंत

१८५८ पासूनच्या इंग्लंड-वेल्सच्या मृत्युपत्रांच्या सूचीतून आणि १९२१ पर्यंतच्या जनगणनांतून कुटुंब पुढे आणता येतं. हयात माणसांची नावं किंवा पत्ते कुठेही जाहीर लिहू नका. पहिलं पत्र छोटं ठेवा: पुस्तक काय आहे, कुठे सापडलं, तुम्हाला काय नको आहे (उदाहरणार्थ पैसे). मजकुरातला एक तपशील, उदाहरणार्थ आईचं नाव किंवा समासातली तारीख, स्वतःकडेच राखून ठेवा. समोरच्याने तो आपणहून सांगितला तर दावा खरा.

भारतातून पुस्तक पाठवायचं असेल तर आधी पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ लक्षात घ्या. १०० वर्षांपेक्षा जुन्या वस्तू आणि ७५ वर्षांपेक्षा जुनी महत्त्वाची हस्तलिखितं व कागदपत्रं त्याखाली येऊ शकतात, आणि परवानगीविना ती देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयाकडून ते पुस्तक पुरावशेष नसल्याचा दाखला मिळवा, मगच पार्सल करा. पुस्तक आम्लरहित कागदात, मग प्लास्टिकच्या पिशवीत, मग घट्ट खोक्यात. पावसाळ्यात पाठवू नका, आणि शोधाच्या टिपणाची एक प्रत पुस्तकाबरोबर ठेवा, पण पानांच्या आत नव्हे, वेगळ्या पाकिटात.